तिसरं बोलावणं

मे महिन्यात चंद्रपूर सोडून जाण्याला आमच्याकडे प्रवास म्हणत नाहीत, सुटका म्हणतात. मुलाचा हॉलंडहून फोन आला, की ग्रीसच्या समुद्रात आठवड्यासाठी शिडाची बोट भाड्यानं घेतली आहे आणि तुम्हीही यायचं आहे. मी म्हणालो, ‘‘मी कशाला? तुम्ही तिघं जा.’’ तो म्हणाला, ‘‘तिकीट काढलंय बाबा.’’ तिकीट काढून झाल्यावर जे विचारतात त्याला आग्रह म्हणावं की कळवणं, हे मला ठरवता आलं नाही. गेलो.

मी जन्मभर कॉलेजात भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामान हा धडा मी इतक्या वेळा घेतला, की शेवटी शेवटी तो माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडायचा: उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात, ऑलिव्ह, द्राक्षे, लिंबाच्या जातीची फळे. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, ‘‘सर, ऑलिव्ह कसं असते?’’ मी पाहिलेलं नव्हतं. म्हणालो, मोहाच्या फळासारखं असावं, त्यातूनही तेल काढतात. तिनं ते लिहून घेतलं. परीक्षेतही लिहिलं. मी गुण दिले.

निघायच्या आदल्या दिवशी झाडांना पाणी घालण्याचं काम शेजाऱ्यांकडे सोपवायला गेलो. हे शेजारी कोळसा खाणीच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. त्यांचीही बायको नाही, मुलगी सासरी. रोज संध्याकाळी ते माझ्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि आम्ही दोघं मिळून रस्ता बघतो.

‘‘मंग सर, आता तिकडंच राह्यता वाटते?’’

‘‘आठवड्याची बोट आहे, भाऊ. बोटीत कोण राहतं?’’

‘‘बोटीचं नाई म्हनून राह्यलो मी. पोरगं समुद्रावर काऊन नेऊन राह्यलं तुमाले? इचारासाठी. घरी इचारलं तं मानूस उठून आत जाते. पान्यात नेल्यावर उठून कुठी जान?’’

मी हसलो, पण ते माझ्या डोक्यात बसलं. मुलानं मला दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा त्याच्या आईच्या तेरवीला. मांडववाला खुर्च्या घडी करून रिक्षात टाकत होता आणि मुलगा त्या पत्र्याच्या आवाजात म्हणाला, ‘‘बाबा, चला आमच्याकडे.’’ मी म्हणालो, ‘‘नको रे. बघू.’’ दुसऱ्यांदा दिवाळीत, व्हिडिओवर. शेजारी सूनबाई बसलेली होती. मी म्हणालो, ‘‘नको. इथं बरं आहे.’’ त्यानंतर विषय निघाला नाही. एक घड्याळ मात्र आलं, मनगटावर बांधायचं. मी पडलो तर ते हॉलंडला कळवतं. मी उभा असलो तर कळवत नाही.

तेव्हा आता विचारणार, हे मलाही पटलं. नागपूरच्या विमानतळापर्यंत माझा नकार तयार झाला होता. त्यात घर होतं, पुस्तकं होती, थंडी होती, परकी भाषा होती. शेवटी ‘म्हातारं झाड उपटून लावत नसतात’ असं एक वाक्य होतं. पण ते माझ्या निरोप समारंभात एका पाहुण्यानं शाल देताना म्हटलेलं आठवलं, म्हणून काढून टाकलं. बाकी नकार चांगला जमला होता. आता फक्त कुणीतरी विचारायचं राहिलं होतं.

*

बोट लेफ्कादा नावाच्या बेटावरून घ्यायची होती. धक्क्याला शिडांच्या बोटी अशा खेटून उभ्या होत्या, जशा बाजाराच्या दिवशी बैलगाड्या. भाड्यानं देणाऱ्या कंपनीची एक बाई काळा चष्मा लावून आली आणि तिनं आम्हाला बोट दाखवली. इंजिन, नांगर, दोर, आग विझवायची नळकांडी. मग चमचे. इतक्या गंभीरपणे भांडी दाखवताना मी फक्त लग्नातल्या आहेरात पाहिलं होतं. सगळ्यात जास्त वेळ तिनं संडास समजावण्यात घालवला. काय टाकायचं, काय मुळीच टाकायचं नाही, दांडा किती हलवायचा. वाऱ्याबद्दल ती एवढंच म्हणाली, की सकाळी नसतो, दुपारी येतो. वाऱ्याबद्दल याहून अधिक मलाही कधी शिकवता आलं नव्हतं.

कप्तान नव्हता. मुलाकडे परवाना होता. हॉलंडमध्ये त्यानं दोन उन्हाळे शिकून तो मिळवला होता, हे मला तिथं कळलं. सूनबाई तिकडचीच, हॉलंडची. उंच, मोकळी, मायेची. नात नऊ वर्षांची. ती मला आबाजी म्हणते. तेवढा शब्द ती इतका स्वच्छ म्हणते, की आता पुढे मराठी येणार असं वाटतं. पुढे येत नाही.

निघताना मुलानं कामं वाटली. सूनबाई पुढे, नांगरापाशी. नात बाजूला, बोट धक्क्याला घासू नये म्हणून लटकवलेल्या रबरी फुग्यांपाशी. तो स्वतः चाकापाशी. ‘‘आणि बाबा, तुम्ही इथं बसा,’’ म्हणून त्यानं मला एक जागा दाखवली. ती जागा विचार करून निवडलेली होती. तिथं बसलं की कुणाच्याच दोरीला आड येत नाही. आठवडाभर मी तिथं बसलो. पुढे पुढे मला कुणी सांगावंही लागलं नाही. शीड फिरवायची वेळ आली की तिघं त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी ओरडत, दोर सुटत, दोर ओढले जात, बोट या कुशीवरून त्या कुशीवर होई, आणि मी आपले पाय वर घेई. पाय वर घेणं हे माझं काम होतं. ते मी चोख केलं.

पहिल्या दुपारी वारा आला. शीड भरलं, इंजिन बंद केलं आणि एकदम शांतता झाली, घरात फ्रिज बंद पडल्यावर होते तशी. मुलगा चाकापाशी उभा होता, पाय जरा फाकवून, नजर पाण्यावर नाही तर पाण्याच्या पुढे. ही उभं राहण्याची पद्धत मी ओळखत होतो. माझा बाप तलावात डोंग्यावर असाच उभा राही. एका लाकडातून कोरलेला डोंगा, हातात बांबू, आणि नजर जाळ्याच्या पुढे. मुलानं आजोबाला डोंग्यावर कधी पाहिलेलं नाही. तो जन्मला तेव्हा आम्ही चंद्रपुरात होतो आणि डोंगा तलावाच्या पाळीवर पालथा पडून त्यात मुंग्या झाल्या होत्या.

त्यानं वळून विचारलं, ‘‘बाबा, धरता का थोडा वेळ?’’

मी म्हणालो, ‘‘नको, तूच धर.’’

तो ‘‘बरं’’ म्हणाला आणि पुन्हा पुढे बघू लागला.

माझे हात मांडीवर होते. मी अक्षर शिकायच्या आधी बांबू धरलेला माणूस. मला वाटलं होतं, तो म्हणेल, ‘‘धरा हो बाबा, काही नाही होत.’’ मग मी म्हणणार होतो, ‘‘अरे, माझं वय का आता.’’ मग तो म्हणणार होता, ‘‘या इकडे.’’ आणि मी जाणार होतो. हे सगळं बोलणं माझ्या बाजूनं तयार होतं. त्याच्या बाजूनं ते ‘‘बरं’’वर संपलं.

*

जेवणाचंही तसंच. पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या खानावळीत भाजलेला मासा आला. डोक्यासकट, वर लिंबू आणि तेल. तो मासा चांगला होता आणि मला मासा कळतो. पहिला तुकडा संपल्यावर सूनबाईनं विचारलं, ‘‘आणखी?’’ मी म्हणालो, ‘‘नको, पुरे.’’ तिनं ताट पलीकडे सरकवलं आणि उरलेला मासा नातीनं संपवला. सूनबाईचा यात काही दोष नव्हता. तिच्या देशात ‘नाही’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असाच आहे. मी बोटीवर परतून बॅगेतून आणलेला चिवडा मूठभर खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, चीजच्या बाबतीत. तिसऱ्या दिवशी कॉफीच्या. आठवड्याच्या मध्यावर चिवडा संपत आला आणि मला भूमध्य समुद्रातल्या उपासमारीची काळजी वाटू लागली.

माझा सगळा स्वभाव एका गोष्टीत बसलेला आहे, म्हणून ती इथं सांगतो. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पुढे. तलावाच्या पाळीला लागून आम्हा ढिवरांची घरं. गावात कुणाकडे लग्न, तेरवी, बारसं असलं की आधी आवतन येई. दोन दिवस आधी कुणीतरी दारात उभं राहून म्हणे, ‘‘जेवाले या जी.’’ आपण म्हणायचं, ‘‘कायले उगाच.’’ मग त्या दिवशी सकाळी परत आठवण. आपण म्हणायचं, ‘‘पाहू बा.’’ आणि भात शिजला, पत्रावळी मांडल्या, की एक माणूस घरोघर फिरे: ‘‘चला जी, पंगत बसून राह्यली.’’ हे तिसरं. हे बोलावणं. ते आलं की उठायचं. त्याच्या आधी कुणी उठत नसे. सगळे धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून, आपापल्या घरात काहीच नसल्यासारखे बसून राहत. नुसत्या आवतनावर जाणारा हावरा. बोलावणं आल्यावर न जाणारा माजलेला. याच्या मध्ये जे होतं त्याला अब्रू म्हणत.

एकदा गावातल्या मोठ्या घरी लग्न होतं. आम्हाला आवतन आलं होतं, आठवणही झाली होती. संध्याकाळी बाप धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसला. आम्ही भावंडं मागं, ओळीनं. वरच्या आळीतून वांग्याच्या भाजीचा वास आला. मग लोकांचा आवाज आला. मग तो आवाज कमी झाला, कारण लोक खात होते. बोलावणारा माणूस आमच्या आळीत अर्ध्यापर्यंत आला होता. त्याचा आवाज आम्ही ऐकला. आमचं घर शेवटचं. तो परत फिरला.

थोड्या वेळानं पलीकडच्या घरचा काका जेवून आला. ‘‘तुमी काऊन नाई आले?’’

बाप म्हणाला, ‘‘पोट बरं नोतं.’’

आईनं आम्हाला सकाळचा भात आणि झिंग्यांचं तिखट वाढलं. बापानं ते धोतर घडी करून ठेवलं, मळलेलं नव्हतं म्हणून. तो माणूस विसरला होता की त्यानं आम्हाला मुद्दाम गाळलं होतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

*

एका बंदरात आमच्या शेजारी मोठी बोट लागली. तिच्यावरच्या यजमानानं सोनेरी पट्टीची कप्तानाची टोपी घातली होती. तीही भाड्याचीच बोट होती, हे तिच्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. पण टोपी स्वतःची होती. कुटुंबातल्या सगळ्यांनी एकाच रंगाचे सदरे घातले होते. नवराबायकोनं कानाला यंत्रं लावली होती आणि तो तिला त्यातून हुकूम देई. ती त्याच्यापासून आमच्या घरातल्या पडवीएवढ्या अंतरावर होती. शाल आणि श्रीफळ तेवढं कमी होतं. मी कुठला म्हणून त्यानं विचारलं. चंद्रपूर सांगितल्यावर त्याच्या मुलानं फोनमध्ये शोधून काढलं आणि सगळे म्हणाले, ‘‘वाघ!’’ मी म्हणालो, हो, आहेत. त्यांनी विचारलं, तुम्ही पाहिला का? मी म्हणालो, एकदा, दुरून, तो रस्ता ओलांडत होता आणि मी एस.टी.त होतो. त्यांची निराशा झाली. चंद्रपूरच्या माणसाकडून जगाची एकच अपेक्षा आहे आणि ती मी पूर्ण करू शकत नाही.

सकाळी त्यानं हुकूम देत नांगर उचलला, तर त्याच्यासोबत आमचीही साखळी वर आली. आदल्या संध्याकाळी त्यानं आपला नांगर आमच्या साखळीवरून टाकला होता. टोपी घातलेला माणूस आरडाओरडा करू लागला, जणू आमची साखळीच उठून त्याच्या नांगराला बिलगायला गेली होती. मुलगा रबरी होडीतून गेला, साखळीखालून एक दोर घातला, दोरावर ती तोलून धरली, त्याला नांगर थोडा खाली सोडायला सांगितला, मोकळा केला आणि साखळी पाण्यात सोडून दिली. परत आल्यावर त्यानं हात पुसले. मला वाटलं, शाबास म्हणावं. पण सूनबाईनं त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, तो हसला, आणि माझं शाबास मागं पडलं.

तो आठवडा सुंदर होता, हे सांगायचं राहिलं. पाणी इतकं स्वच्छ, की नांगर तळाला टेकलेला दिसे. डोंगरांवर ऑलिव्हची झाडं. राखाडी, ठेंगणी, मोहाशी काही संबंध नसलेली. मी त्या पहिल्या बाकावरच्या मुलीची मनात माफी मागितली. पण सुंदर जागेत माणूस कुणाला तरी ‘‘ते बघ’’ म्हणायला वळतो. मी डावीकडे वळे. बायको नेहमी माझ्या डावीकडे बसत असे, बसमध्येही, कारण मला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. डावीकडे दोर ठेवायचा खण होता.

रोज संध्याकाळी मी प्रश्नाची वाट बघे. मुलगा बोट बांधून, दोर गुंडाळून माझ्याजवळ येऊन बसे, आणि मी मनात नकाराची घडी उलगडून तयार राही. एका दुपारी आम्ही एका खाडीत नांगर टाकला. सूनबाई आणि नात पोहायला उतरल्या. आम्ही दोघंच. तो दोराचं टोक गुंडाळत होता. मग म्हणाला, ‘‘बाबा, एक विचारायचं होतं.’’

मी चष्मा काढून पुसला. ‘‘विचार ना.’’

‘‘आई सुक्या झिंग्यांमध्ये काय घालायची? आंबट काहीतरी असायचं. मी चिंच घालून पाहिली, तसं होत नाही.’’

‘‘अंबाडी,’’ मी म्हणालो. ‘‘अंबाडीचा पाला.’’

‘‘हां. अंबाडी.’’ तो पाण्याकडे बघत राहिला. ‘‘तिकडे मिळत नाही.’’

मी चष्मा परत घातला. माझा सुंदर नकार तसाच घडीत राहिला. मळलेला नव्हता.

*

शेवटच्या संध्याकाळी बोटीवरच जेवलो. उरलेलं सगळं संपवायचं म्हणून सूनबाईनं कोलंबी शिजवली होती, टोमॅटोत. झिंग्यांची श्रीमंत बहीण. मी एकदा घेतली. ‘‘आणखी?’’ ‘‘नको, पुरे झालं.’’ तिनं भांडं उचललं.

नात म्हणाली, इंग्रजीत, म्हणजे मला कळावं म्हणून, ‘‘आबाजी नेहमी नाही म्हणतात आणि मग भांड्याकडे बघतात.’’

सूनबाईचा हात थांबला. तिनं मुलाकडे बघितलं. मुलानं माझ्याकडे. मग तो मोठ्यानं हसला. आठवड्यात पहिल्यांदा आमच्या भाषेत हसला म्हणा ना.

‘‘बाबा! हे आवतनाचं ‘नको’ होतं का?’’

‘‘कोलंबी चांगली झाली आहे,’’ मी म्हणालो.

‘‘आठवडाभर?’’

‘‘चिवडा होता.’’

त्यानं बायकोला समजावून सांगितलं. बराच वेळ लागला. आधी एकदा, मग दुसऱ्यांदा, मग दारात येऊन. माणसं कशी कपडे घालून बसतात. मध्येच तो मला विचारी, ‘‘असंच ना?’’ त्याच्या आजोबाचं धोतर मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. सूनबाई भांडं हातात धरून ऐकत होती. ती हसली नाही. तिनं माझ्या ताटात सगळी उरलेली कोलंबी वाढली, मला न विचारता, आणि मग समोर बसून सरळ म्हणाली,

‘‘तुम्ही आमच्याकडे राहायला यावं म्हणून आम्ही दोनदा विचारलं होतं. तुम्ही दोनदा नाही म्हणालात. ते कुठलं ‘नाही’ होतं?’’

इतकं सरळ मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. घर, पुस्तकं, थंडी, परकी भाषा. सगळं जिभेवर होतं. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. कारण नकार द्यायचा तर तो मागितलेला असावा लागतो. ही तर जुन्या नकाराचा अर्थ विचारत होती.

‘‘माहीत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.’’

मुलगा उठला. पुढे जाऊन त्यानं एक दोर सोडला आणि पुन्हा तसाच बांधला. तो आधीच नीट बांधलेला होता, हे एवढ्या दिवसांत मलाही कळू लागलं होतं. नातीनं विचारलं, काय झालं? मी कोलंबी खाल्ली. गार होत होती, आणि ताटात वाढलेलं टाकत नाहीत.

सकाळी बोट परत न्यायची होती. वारा नव्हता. इंजिनवरच निघालो. बंदर दिसू लागायच्या आधी मी माझ्या त्या जागेवरून उठलो. उठताना नातीच्या दोरीला आड आलो.

‘‘मला दे,’’ मी मुलाला म्हणालो.

मुलानं चाक सोडलं. मी पाय जरा फाकवले. डोंगा बांबू देताच वळतो. ही बोट ऐकून घेते, विचार करते, मग वळते. म्हाताऱ्या माणसासारखी. मी दोन-तीनदा जास्त वळवली, मग हात बसला. मुलगा माझ्या बाजूला उभा राहिला. डावीकडे. माझ्या कानाची त्याला आठवण होती की नव्हती, कोण जाणे.

‘‘आजोबा असेच उभे राहायचे का?’’ त्यानं विचारलं.

‘‘तू राहतोस तसे,’’ मी म्हणालो.

बंदराच्या तोंडाशी चाक मी आपणहून परत दिलं. धक्क्याला लावणं हे परवान्याचं काम.

कंपनीच्या काळ्या चष्म्याच्या बाईनं चमचे पाहिले. एक पाणबुड्या खाली जाऊन तळ बघून आला. सगळं ठीक होतं. कुठं काही घासलं नव्हतं.

अथेन्सच्या विमानतळावर आमच्या वाटा वेगळ्या होत्या. सूनबाईनं मला मिठी मारली आणि खाण्याचा एक डबा दिला. घ्याल का म्हणून विचारलं नाही. ती लवकर शिकते. मुलगा माझ्याबरोबर तपासणीच्या रांगेपर्यंत आला.

‘‘बाबा, इथं विचारत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तिसरं दारात येऊन करायचं असतं ना?’’

‘‘असतं.’’

‘‘डिसेंबरात येतो. वडशाला नाटकं सुरू असतात तेव्हा. एखादं बघूही.’’ मग थोडं थांबून, ‘‘दारात येऊन बोलावल्यावर नाही म्हणता येत नाही ना?’’

‘‘येतं. पण लोक नावं ठेवतात.’’

‘‘कोण ठेवणार बाबा? गावात आता आहे कोण?’’

ते खरं होतं. मग मी रांगेत गेलो. पट्टा, घड्याळ, चष्मा काढून टोपलीत ठेवले. घड्याळ काढल्याचं हॉलंडला कळलं असेल. पण त्या वेळी हॉलंड काचेपलीकडे उभं होतं.

*

चंद्रपूर तापलेलंच होतं. झाडं जिवंत होती. शेजाऱ्यांनी पाणी जरा जास्तच घातलं होतं. तुळस कुजायला आली होती. संध्याकाळी त्यांनी खुर्ची टाकली. मी त्यांना ऑलिव्हचा एक छोटा डबा दिला. त्यांनी एक तोंडात टाकलं, चघळलं, आणि बी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

‘‘खारं आहे बा.’’

‘‘हो.’’

‘‘मंग? इचारलं का पोरानं?’’

‘‘नाही अजून. डिसेंबरात येतो म्हणाला. इथं येऊन विचारेल.’’

‘‘दारात येऊन?’’

‘‘दारात येऊन.’’

तेही इकडलेच. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. समोरून कोळशाचा एक ट्रक गेला, त्याच्या मागून धूळ, मग धूळ बसली. ते बी अजून त्यांच्या हातात होतं. टाकावं कुठं, हे त्यांचं ठरत नव्हतं.

‘‘मंग तं जा लागन तुमाले,’’ ते म्हणाले. ‘‘दारात आलेल्याले नाई म्हनत नाई मानूस.’’

‘‘बघू.’’

‘‘पाहा लागते काय त्यात?’’ ते रस्त्याकडेच बघत होते. ‘‘मी मंग खुर्ची कुठी टाकू सर?’’

हे त्यांनी चेष्टेत विचारलं. चेष्टेत विचारलेल्या गोष्टीला चेष्टेत उत्तर द्यायचं असतं. माझ्याजवळ घराचं उत्तर होतं, पुस्तकांचं होतं, थंडीचं होतं. खुर्चीचं मी धरलंच नव्हतं.

‘‘चहा ठेवू का, भाऊ?’’ मी म्हणालो.

‘‘नको. आत्ताच घेतला.’’

‘‘थोडा.’’

‘‘नाई बा, कायले उगाच.’’

मी आत गेलो आणि दोघांचा ठेवला.